तयार कपडा आणि शिवणाराचा अधिकार

तयार कपडा विकत घेताना गिऱ्हाईक साधारणतः तीन गोष्टी पाहते : पोत, माप आणि किंमत. रंग टिकेल काय, दोन धुण्यांत कापड आटणार तर नाही ना, शिवण पक्की आहे की नाही, याची चौकशी आपल्या घरांतील वडीलधारी मंडळी मोठ्या बारकाईने करतात, आणि ती त्यांनी करावी हे योग्यच आहे. परंतु त्याच कपड्याच्या गळ्याशी आतल्या अंगास एक लहानशी चिठ्ठी शिवलेली असते व तीवर बांगला देश, व्हिएतनाम, कंबोडिया किंवा भारत असे एखाद्या देशाचे नाव असते. तिच्याकडे आपले लक्ष सहसा जात नाही.

पूर्वी आपल्या कुटुंबांचा शिंपी ठरलेला असे. त्याचे दुकान, त्याची मुलेबाळे, त्याच्या घरचे दुखणेखुपणे आपणांस ठाऊक असे. त्याची मजुरी थकली तर तो दारी येऊन बसे व ती मागे. घरच्या कर्त्या पुरुषास त्याची नजर चुकविणे कठीण जाई. आज कपडा शिवणारा हात आणि तो अंगात घालणारा देह यांच्यामध्ये हजारो कोसांचे अंतर पडले आहे. मध्ये कारखानदार आहे, ठेकेदार आहे, आडत्या आहे, परदेशी कंपनी आहे, दुकानदार आहे. शिवणाराने आपले गाऱ्हाणे सांगावे तर कोणाच्या दारी बसून?

या प्रश्नास मोठमोठ्या कंपन्यांचे उत्तर तयार असते. ‘आम्ही आमच्या माल पुरविणारांस आचारनियम घालून दिले आहेत, आमचे तपासनीस कारखाने पाहून येतात, आमच्यापाशी प्रमाणपत्रे आहेत,’ असे त्या सांगतात. हे उत्तर कितपत खरे धरावे, कोणती व्यवस्था कामगाराचा जीव राखते व कोणती केवळ शोभेची असते, याचा विचार आम्ही या लेखात करणार आहोत. आमचे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो : धोका दिसत असता ‘मी आत जाणार नाही’ असे म्हणण्याचा अधिकार ज्या कामगारास आहे आणि तो बजावल्याबद्दल ज्याची भाकरी जात नाही, तोच सुरक्षित होय. बाकीचे नियम कितीही सुंदर असले तरी या एका अधिकारावाचून लंगडे पडतात.

सावर येथील इमारत

ढाका शहराजवळ सावर या ठिकाणी राणा प्लाझा नावाची आठ मजली इमारत होती. खालच्या मजल्यांवर दुकाने व एका बँकेची शाखा होती आणि वरच्या मजल्यांवर कपडे शिवण्याचे पाच कारखाने होते. जागा भराव घातलेल्या तळ्याची होती; वरचे मजले रीतसर परवानगीवाचून चढविलेले होते; त्यांवर शेकडो शिवणयंत्रांचा आणि वीज गेल्यास चालवावयाच्या अवजड जनित्रांचा भार होता. २३ एप्रिल २०१३ रोजी भिंतींस व खांबांस तडे गेलेले दिसून आले. पाहणीस बोलाविलेल्या अभियंत्याने इमारत धोक्याची असल्याचे सांगितले. दुसऱ्या दिवशी बँक बंद राहिली, खालची दुकानेही बंद राहिली.

शिलाईचे कारखाने मात्र उघडले. सकाळी हजारो कामगार, त्यांत बहुसंख्य तरुण स्त्रिया, इमारतीशी जमल्या. आत जाण्याची त्यांची इच्छा नव्हती. आत न गेल्यास महिन्याचा पगार बुडेल असा धाक आपणांस घालण्यात आला, असे त्यांतून वाचलेल्या कित्येकींनी पुढे सांगितले. त्या आत गेल्या. नऊ वाजण्याच्या सुमारास वीज गेली, जनित्रे सुरू झाली आणि काही क्षणांतच सबंध इमारत खाली बसली. १,१३४ माणसे प्राणास मुकली. सुमारे अडीच हजार माणसे ढिगाऱ्यातून जिवंत बाहेर काढण्यात आली. त्यांतील कित्येकांचे हात अथवा पाय कापावे लागले.

या प्रसंगातील एक गोष्ट आमच्या वाचकांनी नीट ध्यानी घ्यावी. तडा एकच होता. तो बँकेच्या कारकुनासही कळला होता व शिलाई करणाऱ्या मुलीसही कळला होता. धोक्याचे ज्ञान दोघांस सारखेच होते. परंतु कारकुनाचा दिवसाचा पगार सुरक्षित होता आणि त्याच्या वरिष्ठांस त्याला घरी ठेवण्यात मोठी हानी नव्हती. मुलीच्या पाठीशी कोणी नव्हते. पाचांपैकी एकाही कारखान्यात कामगारांचा संघ नव्हता. त्या देशात संघ बांधणे ही काही सुखाची गोष्ट नव्हती; अमीनुल इस्लाम या कामगार-संघटकाचा छळ करून खून झाल्याला तेव्हा जेमतेम एक वर्ष लोटले होते. उलट बाजूस माल मुदतीत रवाना न झाला तर गिऱ्हाईक कंपनी दरात कपात करील, किंवा तो विमानाने धाडण्याचा खर्च अंगावर येईल, ही कारखानदारांची नित्याची भीती. अशा स्थितीत मुकादम कोणाचे ऐकणार हे निराळे सांगावयास नको.

कागदी अभय

त्या वेळी आचारनियम नव्हते असे मात्र नाही. लेव्ही स्ट्रॉस या अमेरिकन कंपनीने १९९१ मध्येच आपल्या पुरवठादारांसाठी नियम छापले होते. पुढच्याच वर्षी नायकी कंपनीने तसे केले. १९९७ मध्ये एस. ए. ८००० नावाचे प्रमाण निघाले व त्याची प्रमाणपत्रे कारखान्यांस मिळू लागली. मुलांस कामावर ठेवू नये, वेठ घेऊ नये, ठराविक तासांहून अधिक राबवू नये, कायद्याप्रमाणे मजुरी द्यावी, संघ बांधण्यास आडकाठी करू नये, अशा स्वरूपाचे हे नियम होते. कागदावर वाचू गेल्यास त्यांत न्यून काढण्यास फारशी जागा नाही.

परंतु राणा प्लाझातील निदान दोन कारखान्यांची अशी ‘सामाजिक तपासणी’ एका युरोपीय व्यापारी संघाच्या पद्धतीने झालेली होती. इमारतीची मजबुती पाहणे हे आमच्या तपासणीच्या कक्षेत येत नाही, असे त्या संघाने मागाहून सांगितले! कराची येथील उदाहरण याहून दारुण आहे. तेथील अली एंटरप्रायझेस या कारखान्यास ऑगस्ट २०१२ मध्ये एस. ए. ८००० चे प्रमाणपत्र मिळाले. काही आठवड्यांतच, ११ सप्टेंबर २०१२ रोजी, तो कारखाना पेटला व अडीचशेहून अधिक कामगार आत मेले. ती आग खंडणीसाठी मुद्दाम लावली होती असा निर्णय तेथील न्यायालयाने २०२० मध्ये दिला. तो मान्य केला तरी खिडक्यांस लोखंडी गज होते व बाहेर पडण्याच्या वाटा बंद होत्या, हे दोष प्रमाणपत्र देणाराच्या डोळ्यांस का दिसले नाहीत, हा प्रश्न उरतोच.

याचे कारण तपासणीच्या रचनेतच आहे. तपासनिसाचे शुल्क बहुधा कारखानदार किंवा गिऱ्हाईक कंपनी देते. कामगार देत नाही. भेटीचा दिवस पुष्कळदा आधी कळलेला असतो. त्या दिवशी वह्या नेटक्या होतात, दारे उघडी राहतात, आणि काय उत्तर द्यावे हे कामगारांस पढविलेले असते. शिवाय ज्या कारखान्याची तपासणी झाली तेथेच माल शिवला जातो असेही नाही. ठेकेदार आपल्यावरील काम दुसऱ्यास उक्ते देतो व दुसरा तिसऱ्यास. २४ नोव्हेंबर २०१२ रोजी ढाक्याजवळील ताझरीन फॅशन्स या कारखान्यास आग लागून किमान ११२ कामगार मृत्युमुखी पडले. वॉलमार्ट कंपनीने त्यावर असा खुलासा केला की, आपल्या एका पुरवठादाराने आपल्या अनुमतीवाचून तेथे काम दिले होते. खुलासा खराही असेल. परंतु आपला माल कोठे शिवला जातो हे ज्या कंपनीस आग लागल्यावर कळते, तिच्या आचारनियमांची किंमत किती धरावी?

न्यूयॉर्क व मुंबई

ही स्थिती पूर्वेकडील दरिद्री देशांचीच आहे असे कोणी समजू नये. २५ मार्च १९११ रोजी खुद्द न्यूयॉर्क शहरात ट्रायँगल नावाच्या पोलकी शिवणाऱ्या कारखान्यास आग लागली. एक दार कुलूपबंद होते, बंबांच्या शिड्या सहाव्या मजल्यापलीकडे पोचत नव्हत्या, आणि कारखाना आठव्या, नवव्या व दहाव्या मजल्यांवर होता. १४६ माणसे मेली. त्यांत बहुतेक परदेशांहून आलेल्या गरीब तरुण मुली होत्या. मालकांची न्यायालयात निर्दोष सुटका झाली. परंतु लोकक्षोभ असा उसळला की न्यूयॉर्क राज्यास चौकशीमंडळ नेमून कारखान्यांविषयीचे कायदे नव्याने करावे लागले. ती आग प्रत्यक्ष पाहिलेल्या फ्रान्सिस पर्किन्स या बाई पुढे १९३३ मध्ये अमेरिकेच्या मजूरमंत्री झाल्या.

आपल्या मुंबईचा इतिहास तर याहून पूर्वीचा आहे आणि तो आपल्या सुशिक्षित वर्गाने विसरू नये असा आहे. हिंदुस्थानातील पहिला कारखान्यांचा कायदा १८८१ मध्ये झाला. त्यामागे दयाबुद्धी होती तसा लँकेशायरच्या गिरणीवाल्यांचा मत्सरही होता; मुंबईचे सूत स्वस्त पडू नये अशी त्यांची इच्छा होती. म्हणून आपल्याकडील बहुतेक राष्ट्रीय वृत्तपत्रांनी असल्या कायद्यांस विरोध केला. स्वदेशी उद्योगाचे रक्षण हा त्यांचा हेतू होता, यात संशय नाही. परंतु गिरणीत राबणाराचे मत त्यांनी विचारले नव्हते. ते विचारले नारायण मेघाजी लोखंडे यांनी. ‘दीनबंधु’ पत्राचे हे संपादक स्वतः गिरणीत नोकरी केलेले होते. १८८४ मध्ये त्यांनी कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारकडे धाडला. आठवड्यास रविवारची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत, आणि कामावर इजा झाल्यास भरपाई, अशा त्यांच्या मागण्या होत्या. १८९० च्या जूनमध्ये गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली व १८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुटीचे तत्त्व मान्य झाले.

आजही परदेशात कामगारांच्या हिताचा नवा नियम निघाला की, ‘हा आमच्या मालास अडविण्याचा डाव आहे’ अशी ओरड आपल्याकडे होते. तीत कधी तथ्यही असते. परंतु परक्याचा हेतू शुद्ध नाही एवढ्यावरून आपल्या कामगाराची गरज खोटी ठरत नाही. लोखंड्यांनी लँकेशायरचे ऐकले नाही व गिरणीमालकांचेही ऐकले नाही. त्यांनी कामगारास बोलते केले. या प्रकरणी तोच मार्ग आम्हांस आजही बरोबर वाटतो.

करार आणि प्रतिज्ञा यांतील भेद

राणा प्लाझाच्या दुर्घटनेनंतर महिना लोटण्यापूर्वीच, मे २०१३ मध्ये, बांगला देशातील कारखान्यांच्या सुरक्षिततेसाठी एक करार झाला. तो ‘अ‍ॅकॉर्ड’ या नावाने ओळखला जातो. त्याची योग्यता अशी की, त्यावर एका बाजूस कंपन्यांनी व दुसऱ्या बाजूस कामगारांच्या आंतरराष्ट्रीय महासंघांनी सह्या केल्या, आणि तो कायद्याने बंधनकारक ठेवला. दोनशेहून अधिक कंपन्या त्यात आल्या. सुमारे १,६०० कारखाने व वीस लाख कामगार त्याच्या छत्राखाली आले. स्वतंत्र अभियंत्यांनी तपासणी करावी, तिचे निष्कर्ष सर्वांस वाचता येतील असे प्रसिद्ध करावे, दुरुस्तीस लागणारा पैसा उभा राहील याची जबाबदारी कंपन्यांनी घ्यावी, आणि असुरक्षित जागी काम नाकारण्याचा अधिकार कामगारास असावा, अशी त्याची कलमे होती.

तपासणी खरोखरीच स्वतंत्र झाली म्हणजे काय घडते ते पाहा. ऑक्टोबर २०१४ पर्यंत पहिल्या अकराशे कारखान्यांतच ८० हजारांहून अधिक दोष नोंदले गेले. हेच कारखाने पूर्वी अनेक तपासण्यांतून सुखरूप पार पडले होते! पुढे दारांची कुलुपे निघाली, आगीपासून बचावाचे जिने व दरवाजे बसले, खांबांस टेकू मिळाले. काही इमारती तर रिकाम्या कराव्या लागल्या. दोन कंपन्यांनी पुरवठादारांच्या दुरुस्तीकडे दुर्लक्ष केले म्हणून कामगार महासंघांनी त्यांस हेग येथील लवादापुढे खेचले व २०१८ च्या आरंभी तडजोड होऊन २३ लाख डॉलर, त्यांतील बहुतेक दुरुस्तीसाठी, मिळाले. केवळ प्रतिज्ञा मोडणारास असे खेचता येत नाही. करार मोडणारास येते. २०२१ मध्ये या कराराचे आंतरराष्ट्रीय स्वरूपात पुनरुज्जीवन झाले व २०२३ मध्ये पाकिस्तानसाठीही तसाच करार सुरू झाला.

सुरक्षिततेचे एवढे लोढणे गळ्यात बांधल्यास धंदा बुडेल, असे भाकीत अनेकांनी केले होते. प्रत्यक्षात बांगला देशाची तयार कपड्यांची निर्यात २०१२-१३ मध्ये सुमारे साडेएकवीस अब्ज डॉलर होती, ती २०१८-१९ मध्ये चौतीस अब्जांवर गेली.

दर आणि मुदत

तथापि सर्व काही सुधारले असे म्हणणे सत्यास सोडून होईल. इमारत पक्की झाली तरी पोटाचा प्रश्न राहतोच. बांगला देशात शिवणकामगाराचे किमान मासिक वेतन २०१३ मध्ये ५,३०० टका, २०१८ मध्ये ८,००० टका व २०२३ मध्ये १२,५०० टका ठरले. शेवटच्या खेपेस कामगारांची मागणी २३,००० टक्यांची होती. ती मागताना झालेल्या चळवळीत काही कामगारांचे प्राणही गेले. २०२० मध्ये करोनाची साथ आली तेव्हा अनेक कंपन्यांनी शिवून तयार असलेला मालसुद्धा घेण्याचे नाकारले, आणि ज्यांच्या घरी शिल्लक नव्हती त्यांचे पगार सर्वांत आधी थांबले. आचारनियमांत ‘योग्य वेतन द्या’ असे लिहावयाचे आणि खरेदीच्या टेबलावर दर खाली ओढावयाचा, ही दुटप्पी नीती जोवर चालू आहे तोवर नुसत्या तपासनिसास दोष देऊन भागणार नाही.

आपल्या देशातही अशीच परीक्षा होऊन गेली आहे. तमिळनाडूतील दिंडिगल भागात परदेशी कंपन्यांसाठी कपडे शिवणाऱ्या एका कारखान्यातील तरुण दलित कामगार स्त्रीचा जानेवारी २०२१ मध्ये खून झाला व तेथील एका पर्यवेक्षकावर आरोप आला. स्त्रियांच्या छळाच्या तक्रारी तेथे पूर्वीपासून होत्या. ऐकणारे कोणी नव्हते. स्त्रियांनीच चालविलेल्या तेथील कामगार संघाने पाठपुरावा केला आणि एप्रिल २०२२ मध्ये कारखान्याचे मालक, एच अँड एम ही गिऱ्हाईक कंपनी व कामगार संघटना यांच्यात करार झाले. दर पंचवीस कामगारांमागे त्यांच्यातीलच एक जण निरीक्षक म्हणून शिकवून तयार करावा अशी योजना त्यात आहे. तपासनीस वर्षातून एकदा येतो. शेजारच्या यंत्रावर बसणारी बाई रोज तेथेच असते.

गृहस्थाने काय करावे?

आता कोणी विचारील, या सर्वांत आमच्या घरांनी काय करावे? अमुक देशाचा कपडाच घेऊ नका, असे आम्ही सांगत नाही. त्या कामावर लक्षावधी स्त्रियांची चूल पेटते. आपण पाठ फिरविल्याने त्यांची मजुरी वाढणार नाही, ती बुडेल. परंतु एका हंगामात टाकून द्यावयाचे पाच कपडे घेण्यापेक्षा पाच वर्षे टिकणारे दोन घ्यावे, हा आपल्या आजीबाईंचा हिशेब आजही खरा आहे. दर मोसमास नवा माल, तोही झटपट व कवडीमोलाने पाहिजे, हा हट्टच मुदतीच्या रूपाने त्या मुकादमाच्या तोंडी जाऊन बसतो. शिवाय ज्या कंपनीचा कपडा आपण नित्य घेतो तिला दोन प्रश्न अवश्य विचारावे : तुमचा माल शिवणाऱ्या कारखान्यांची यादी तुम्ही प्रसिद्ध केली आहे काय? आणि कामगारांच्या संघांशी बंधनकारक करार तुम्ही केला आहे काय? नायकी कंपनीने २००५ मध्ये सातशेहून अधिक कारखान्यांची यादी छापली. तेव्हा हे काम अशक्य नाही हे उघड आहे. अनाथालयास देणगी दिल्याची चित्रे म्हणजे या प्रश्नांचे उत्तर नव्हे.

घराजवळही एक कर्तव्य आहे. साडीस फॉल लावणाऱ्या, पोलकी शिवणाऱ्या बाई आपल्या आळीत असतात. लग्नसराईत आदल्या संध्याकाळी कापड नेऊन टाकावयाचे, सकाळी हवे म्हणून तगादा लावावयाचा, आणि मजुरी मात्र ‘पुढल्या खेपेस बघू’ म्हणावयाची, असे काही घरांत घडते. आमच्या वाचकभगिनींनी एवढे तरी पाहावे की, ‘ताई, आज जमणार नाही’ असे त्या बाईस म्हणता यावे आणि म्हटल्याबद्दल तिचे काम जाऊ नये.

आणखी एक गोष्ट. आपल्या कुटुंबांतील कितीतरी मुलेमुली आज मोठ्या कंपन्यांच्या खरेदीखात्यांत, हिशेबतपासणीच्या पेढ्यांत व निर्यातीच्या कचेऱ्यांत मानाच्या जागी आहेत. दर ठरविणारे, मुदत लिहिणारे व अहवालावर सही करणारे हात पुष्कळदा आपल्याच घरचे असतात. फ्रान्सने २०१७ मध्ये कायदा करून व जर्मनीने २०२३ पासून तो अमलात आणून, पुरवठादाराच्या घरी काय चालते याची जबाबदारी मोठ्या कंपन्यांवर टाकली आहे. तेव्हा असल्या प्रश्नांची चर्चा या कचेऱ्यांतून होतच राहणार. घरातील मुलगा किंवा सून सुटीस घरी येईल तेव्हा वडीलधाऱ्यांनी पगार व बढती यांची विचारपूस जरूर करावी. पण त्याबरोबर हेही विचारावे की, तुम्ही घालून दिलेल्या मुदतीत तो माल माणसांस वेळेवर घरी सोडून शिवता येतो काय, आणि जेथे तो शिवला जातो तेथील भिंतीस तडा गेला तर तेथील मुलगी तो तुम्हांस कळवू शकेल काय.